तहाचा प्रकार कसा ओळखावा: सिंधू जलकरार आणि भूसीमा कराराच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. तुम्ही विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहात. पाठ्यपुस्तकात आंतरराष्ट्रीय करारांचे प्रकार ओळीने दिले आहेत: द्विपक्षीय, बहुपक्षीय, कायदा घडवणारे, देवघेवीचे, प्रदेशविषयक, मैत्रीचे, आपोआप लागू होणारे, देशांतर्गत कायद्याशिवाय लागू न होणारे, आणि आणखी काही. प्रकल्पासाठी तुम्हाला १९६० चा सिंधू जलकरार आणि १९७४ चा भारत-बांगलादेश भूसीमा करार देऊन ‘प्रकार ओळखा व कारणे द्या’ असे सांगितले आहे. दोन्ही करार एकाच वेळी तीन-चार रकान्यांत बसत असल्यामुळे कोणते उत्तर बरोबर, हे तुम्हाला ठरवता येत नाही. शिवाय सामंजस्य करार बंधनकारक असतो का, आणि भारताने केलेल्या कराराला संसदेची मंजुरी लागते का, असेही तुम्ही विचारले आहे.

तुम्हाला प्रकार चांगले ठाऊक आहेत. घोळ पुस्तकाच्या मांडणीत आहे. त्या यादीतले प्रकार हे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि पुस्तकाने ती सगळी एकाखाली एक लिहून टाकली आहेत. द्विपक्षीय की बहुपक्षीय, हे पक्ष किती या प्रश्नाचे उत्तर आहे. कायदा घडवणारा की देवघेवीचा, हे कराराने निर्माण होणारे बंधन कोणत्या स्वरूपाचे आहे याचे उत्तर आहे. स्वाक्षरीने अमलात येणारा की अनुसमर्थनाने (म्हणजे स्वाक्षरीनंतर राष्ट्राने दिलेल्या अंतिम औपचारिक मान्यतेने), हे प्रक्रियेचे उत्तर आहे, आणि आपोआप लागू होणारा की नाही, हे तर कराराविषयीचे उत्तरच नसून त्या त्या देशाच्या राज्यघटनेविषयीचे आहे. एकच करार या प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र उत्तर देणार, म्हणून तो अनेक रकान्यांत दिसणार, यात विसंगती काहीच नाही.

एवढ्याने मात्र तुमचा प्रकल्प पुरा होणार नाही. करारांचे मसुदे तपासून मत देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे: वर्गीकरण संपूर्ण दस्ताचे करू नये, कलमाचे करावे. आपल्याकडच्या एखाद्या खरेदीखतात जमिनीची विक्री असते, शेजाऱ्याच्या बांधावरून जाण्याचा वहिवाटीचा रस्ता असतो आणि सामाईक विहिरीतल्या पाण्याची पाळीही ठरवलेली असते. विक्री त्या दिवशी पुरी होते, रस्ता जमिनीला चिकटून पुढच्या मालकाकडेही जातो, आणि पाण्याची पाळी दर आठवड्याला पाळावी लागते. कागद एकच असतो, पण तीन कलमांचे आयुष्य तीन तऱ्हेचे असते. राष्ट्राराष्ट्रांतले करारही याच पद्धतीने वाचावे लागतात.

सिंधू जलकरारापासून सुरुवात करू. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे पंडित नेहरू आणि अयूब खान यांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या. जागतिक बँकेच्या वतीने डब्ल्यू. ए. बी. इलिफ यांनीही स्वाक्षरी केली, परंतु ती फक्त ठरावीक कलमे आणि परिशिष्टांपुरती. म्हणजे पक्ष किती, या सर्वांत सोप्या प्रश्नालाही इथे सरळ उत्तर नाही. मुख्य देणेघेणे दोन राष्ट्रांचे आहे म्हणून करार द्विपक्षीयच म्हणायचा, पण काही कलमांपुरता तिसरा सहीदार आहे आणि तो राष्ट्र नसून आंतरराष्ट्रीय संस्था आहे, अशी नोंद तुमच्या उत्तरात असायला हवी.

आता आतली कलमे पाहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमांनी नद्यांची विभागणी केली. सतलज, बियास आणि रावी यांचे पाणी भारताला, तर सिंधू, झेलम आणि चिनाब यांचे पाणी प्रामुख्याने पाकिस्तानला मिळाले, आणि पश्चिमेकडच्या या तीन नद्यांवर भारताला शेती, घरगुती वापर व जलविद्युत यांसाठी मर्यादित हक्क राहिले. ही विभागणी प्रदेशाशी आणि नदीच्या प्रवाहाशी जोडलेली आहे. पाचव्या कलमानुसार भारताने पाकिस्तानातल्या पर्यायी कालव्यांच्या खर्चापोटी ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड दहा समान वार्षिक हप्त्यांत द्यायचे होते. हे निव्वळ देवघेवीचे कलम आहे. शेवटचा हप्ता दिल्यावर ते पुरे झाले, आणि आज त्याचा उपयोग इतिहास समजून घेण्यापुरता. आठव्या कलमाने स्थायी सिंधू आयोग स्थापन केला, म्हणजे ते संस्था घडवणारे कलम झाले. नवव्या कलमात वाद सोडवण्याच्या पायऱ्या आहेत: आधी आयोग, मग मुद्द्याच्या स्वरूपानुसार तटस्थ तज्ज्ञ किंवा लवाद न्यायालय. बाराव्या कलमाने असे ठरवले की दोन्ही सरकारांनी त्यासाठी नवा करार करून त्याचे अनुसमर्थन करेपर्यंत हा करार चालू राहील. एका कागदात चार-पाच जातींची कलमे आहेत, आणि त्यांतले एक पन्नास वर्षांपूर्वीच संपलेले आहे.

याचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने हा करार स्थगित ठेवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा सगळी चर्चा ‘करार मोडता येतो का’ या एका वाक्याभोवती फिरत राहिली. माझ्या दृष्टीने प्रश्न कलमागणिक वेगळा होता. आयोगाच्या बैठका आणि माहितीची देवाणघेवाण थांबवणे ही एक गोष्ट, आणि नद्यांची विभागणी अमान्य करणे ही अगदी वेगळी गोष्ट. एकतर्फी स्थगितीची तरतूद करारात नाही. अशा वेळी करारांच्या सर्वसाधारण कायद्याकडे जावे लागते: दुसऱ्या पक्षाने गंभीर भंग केला असल्यास उपाय काय, आणि परिस्थिती मुळापासून बदलली असल्यास करारातून मोकळे होता येते का. हे नियम करारांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना करारातल्या ६० ते ६२ या कलमांत आहेत. भारत त्या कराराचा पक्ष नाही, आणि तो करार त्याच्या आधी झालेल्या करारांना मागे जाऊन लागूही होत नाही. तरीही १९९७ च्या हंगेरी-स्लोव्हाकिया खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या तीन कलमांतले नियम बऱ्याच अंशी रूढ कायदाच (राष्ट्रांच्या नित्य वर्तनातून बनलेला आणि करारात सामील नसलेल्यांनाही लागू होणारा कायदा) सांगतात, असे म्हटले. डॅन्यूब नदीवरील धरणांच्या त्याच खटल्यात न्यायालयाने परिस्थिती बदलल्याचा हंगेरीचा युक्तिवाद फेटाळला, आणि १९७७ च्या त्या कराराने नदीच्या विशिष्ट पट्ट्याला चिकटलेले हक्क निर्माण केले असल्यामुळे चेकोस्लोव्हाकिया फुटल्यावरही ते स्लोव्हाकियाकडे गेले, असे ठरवले. सिंधूच्या बाबतीत शेवटी काय मानले जाईल, हे भंग कोणता आणि किती गंभीर, हे सिद्ध होण्यावर अवलंबून आहे, त्यामुळे त्याचे भाकीत मी करणार नाही. पण विद्यार्थ्याने उत्तर लिहिताना ‘कोणते कलम’ हा प्रश्न आधी विचारलाच पाहिजे.

भूसीमा करार माझ्या मते याहूनही शिकवणारा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. १६ मे १९७४ रोजी इंदिरा गांधी आणि शेख मुजिबुर रहमान यांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या. नाव ‘करार’, पक्ष दोन, विषय सीमा. पुस्तकी उत्तर इथे संपते. प्रत्यक्षात या कराराने किमान चार वेगवेगळी कामे केली. एक, जिथे सीमा संदिग्ध होती तिथे ती कशी आखायची हे ठरवले. दोन, दोन्ही देशांच्या हद्दींत बेटांसारख्या अडकलेल्या परक्या वसाहतींची, म्हणजे भारताच्या बांगलादेशातील १११ आणि बांगलादेशाच्या भारतातील ५१ वसाहतींची अदलाबदल ठरवली. तीन, दक्षिण बेरुबाडी भारताकडे राहील, भारतीय हद्दीने वेढलेली दहाग्राम-आंगारपोता ही वसाहत बांगलादेशाकडे राहील, आणि तिथे जाण्यासाठी तीनबिघा येथील १७८ मीटर बाय ८५ मीटरची पट्टी भारत बांगलादेशाला कायमच्या भाडेपट्ट्याने देईल, असे ठरले. चार, हस्तांतरित होणाऱ्या भागातल्या लोकांना जागच्या जागी राहून त्या देशाचे नागरिक होण्याचा हक्क दिला.

या कामांवर भारताच्या घटनेने वेगवेगळे परिणाम घडवले. सीमेची निव्वळ आखणी सरकार स्वतःच्या अधिकारात करू शकते. कच्छच्या सीमेवरील भारत-पाकिस्तान वादाच्या लवाद निवाड्यानंतर १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मगनभाई पटेल खटल्यात हेच सांगितले, कारण वादग्रस्त रेषा नक्की करणे म्हणजे प्रदेश देऊन टाकणे नव्हे. भारताचा असलेला प्रदेश दुसऱ्याला द्यायचा असेल तर मात्र घटनादुरुस्ती लागते, हे त्याच न्यायालयाने १९६० मध्ये बेरुबाडीविषयीच्या सल्लागारी मतात सांगून ठेवले होते. ते मत भारत आणि पाकिस्तान यांच्यातल्या १९५८ च्या नेहरू-नून कराराच्या संदर्भात होते, आणि त्यातून नववी घटनादुरुस्ती झाली. वसाहतींच्या अदलाबदलीला याच कारणाने शंभरावी घटनादुरुस्ती लागली, आणि ती २०१५ साली झाली. मधल्या काळात बांगलादेशाने १९७४ मध्येच आपल्याकडून अनुसमर्थन केलेले होते. तीनबिघाच्या भाडेपट्ट्याबाबत १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रदेशाचा त्याग नाही असे म्हटले, कारण सार्वभौमत्व भारताकडेच राहत होते, आणि १९९२ मध्ये ती पट्टी बांगलादेशी लोकांसाठी खुली झाली. म्हणजे एकाच कराराचे एक कलम १९९२ मध्ये अमलात आले आणि दुसरे ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री. ‘हा करार कधी अमलात आला’ या प्रश्नाला एका तारखेचे उत्तर देणारा विद्यार्थी गुण गमावतो, आणि वकील त्याहून अधिक काही गमावतो.

सीमेच्या कलमांविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परिस्थिती बदलली म्हणून करारातून बाहेर पडण्याची जी सवलत आहे, तिच्यातून सीमा ठरवणारे करार व्हिएन्ना कराराच्या ६२ व्या कलमानेच वगळले आहेत. १९९४ मध्ये लिबिया आणि चाड यांच्या खटल्यात याची पुढची पायरी दिसली. चाड फ्रान्सच्या ताब्यात असताना झालेला फ्रान्स आणि लिबिया यांचा १९५५ चा मैत्री करार वीस वर्षांच्या मुदतीचा होता. न्यायालयाने म्हटले की त्या कराराने ठरलेली सीमा करार टिकला काय किंवा न टिकला काय, कायमच राहते. मैत्रीची मुदत संपू शकते, रेषेची नाही. ‘मैत्री करार’ या रकान्यात टाकून दिलेल्या दस्तात असे सर्वांत चिवट कलम लपलेले असू शकते.

कायदा घडवणारे आणि देवघेवीचे करार हा फरक पुस्तकात फार ठळक असतो, व्यवहारात तो पुसट आहे. तरी एका ठिकाणी तो खरोखर उपयोगी पडतो, ते म्हणजे अपवाद नोंदवून करारात सामील होणे. दोन देशांच्या करारात एकाने एक कलम नको म्हटले, तर तो नवा प्रस्ताव ठरतो आणि बोलणी पुन्हा सुरू होतात. अनेक देशांच्या करारात अशा प्रत्येक नकाराला नवा प्रस्ताव मानता येत नाही, नाहीतर करारच उभा राहणार नाही. १९५१ मध्ये वंशसंहारविरोधी कराराविषयी सल्ला देताना आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कसोटी दिली की अपवाद कराराच्या उद्दिष्टाशी विसंगत नसावा. भारताने स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाच्या कराराला १९९३ मध्ये अनुसमर्थन दिले, तेव्हा विवाहविषयक कलमांबाबत, समाजांच्या अंतर्गत व्यवहारांत त्यांच्या पुढाकाराशिवाय हस्तक्षेप न करण्याच्या धोरणाला धरून निवेदन जोडले, आणि वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे नेण्याच्या कलमातून स्वतःला वगळले. त्यामुळे ‘भारत या कराराचा पक्ष आहे का’ याचे पुरे उत्तर ‘हो, या इतक्या कलमांपुरता, या निवेदनांसह’ असे द्यावे लागते. उलट सागरी कायद्याचा १९८२ चा करार स्वतःच सांगतो की त्यात स्पष्ट मुभा असल्याशिवाय अपवाद चालणार नाही. तो जसा आहे तसा पूर्ण घ्यावा लागतो.

याच कुळातला आणखी एक प्रकार अलीकडे फार महत्त्वाचा झाला आहे: आधी चौकट, मग तपशील. ओझोनविषयीचा १९८५ चा व्हिएन्ना करार मोघम होता, खरे बंधन १९८७ च्या माँट्रियल प्रोटोकॉलने (मूळ कराराला जोडून केलेल्या पुढच्या कराराने) आणले, आणि त्यात २०१६ च्या किगाली दुरुस्तीने नवी भर पडली. हवामानाबाबत १९९२ ची चौकट, १९९७ चा क्योटो आणि २०१५ चा पॅरिस असा तसाच क्रम आहे. इथे प्रोटोकॉल म्हणजे दुय्यम कागद असे मानणे चुकीचे ठरेल, कारण आकडे आणि मुदती त्यातच असतात.

आता सामंजस्य कराराकडे येऊ. व्हिएन्ना कराराच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रांमध्ये लेखी झालेला आणि आंतरराष्ट्रीय कायद्याने नियंत्रित होणारा करार हा तह, म्हणजे बंधनकारक करार, ठरतो, त्याला नाव काहीही दिलेले असो आणि तो एका कागदात असो की अनेक. १९९० मध्ये कतार, बहारीन आणि सौदी अरेबियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी एका बैठकीच्या इतिवृत्तावर सह्या केल्या. बहारीनचे मंत्री पुढे म्हणाले की आपण बंधनकारक करार करीत आहोत असे त्यांनी कधी मानलेच नव्हते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९४ मध्ये मंत्र्यांच्या मनात काय होते ते बाजूला ठेवले, कागदात काय लिहिले आहे ते पाहिले, आणि इतिवृत्त हा करारच ठरवला. सोमालिया आणि केनिया यांच्यातला २००९ चा सामंजस्य करार न्यायालयाने २०१७ मध्ये असाच बंधनकारक मानला. याच्या उलट ग्रीस आणि तुर्कस्तानच्या पंतप्रधानांचे १९७५ चे संयुक्त निवेदन खटला न्यायालयात नेण्याची संमती म्हणून पुरेसे नाही, असे १९७८ मध्ये ठरले.

मी मसुदा हातात घेतो तेव्हा शीर्षक शेवटी वाचतो. आधी शेवटची कलमे पाहतो: अमलात येण्याची अट आहे का, मुदत व समाप्ती आहे का, वाद कुठे न्यायचा हे लिहिले आहे का. मग क्रियापदे पाहतो, कारण इंग्रजी मसुद्यात ‘शॅल’ आणि ‘विल’ यांची निवड बहुधा विचारपूर्वक केलेली असते. ‘या दस्तातून कायदेशीर बंधन निर्माण होत नाही’ असे वाक्य स्पष्ट लिहिलेले असेल तर प्रश्न बराचसा मिटतो, आणि भारतीय मंत्रालयांच्या परदेशी समकक्षांशी होणाऱ्या अनेक दस्तांत असे वाक्य असते. ते नसेल, तर संदर्भ आणि नंतरचे वर्तन यांवर अवलंबून राहावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या १०२ व्या कलमाखाली नोंदणी झाली असल्यास तो एक पुरावा ठरतो, पण नोंदणी नसल्याने तह हा तह राहत नाही असे नाही. फक्त संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही अंगापुढे त्याचा आधार घेता येत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण वर्तमानपत्रांतून तो दरवर्षी जानेवारीत पसरतो. दावोसला महाराष्ट्र सरकार कंपन्यांशी जे सामंजस्य करार करते, ते आंतरराष्ट्रीय करार नव्हेत. एका बाजूला घटक राज्य आहे, दुसऱ्या बाजूला कंपनी. इराणच्या सरकारने १९३३ मध्ये तेलकंपनीला दिलेल्या सवलतीच्या कराराला ब्रिटनने तह म्हणून पाहिले, तेव्हा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९५२ मध्ये ते मानले नाही. सरकार आणि कंपनी यांच्यातला तो करार होता, ब्रिटनला त्यातून तहाचे हक्क मिळत नव्हते. परदेशात सही झाली म्हणून कागद आंतरराष्ट्रीय होत नाही.

सही करणाऱ्याला अधिकार होता का, हा प्रश्न आपल्या इतिहासाने फार चांगला शिकवला आहे. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मराठ्यांनी कोंडीत पकडलेल्या मुंबईकर इंग्रजांच्या प्रतिनिधींनी तह लिहून दिला, आणि कंपनीच्या वरिष्ठांनी तो त्यांना अधिकारच नव्हता असे म्हणून नाकारला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात झालेला तह तर १८० वर्षांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उलगडला गेला. दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातून गेल्यावर पोर्तुगालने दमणहून तिथे जाण्याच्या हक्कासाठी भारतावर खटला भरला, आणि त्यात या तहाचा आधार घेतला. तह वैध झालाच नव्हता, असे भारत म्हणाला. न्यायालयाने १२ एप्रिल १९६० च्या निकालात सांगितले की अठराव्या शतकातल्या तहाची वैधता नंतर विकसित झालेल्या रीतींनी मोजू नये. मराठ्यांनी स्वतः तो बंधनकारक मानला होता आणि पुढच्या सनदांत त्याचा उल्लेख केला होता, त्यामुळे तह वैध. पण त्यातून पोर्तुगीजांना मिळाले काय? १७८३ आणि १७८५ च्या सनदांची भाषा पाहून न्यायालयाने ठरवले की वर्षाला १२,००० रुपये महसुलाची गावे जहागीर किंवा सरंजाम म्हणून दिली होती, सार्वभौमत्व दिले नव्हते. मराठ्यांना प्रदेश कायमचा द्यायचा असे, तेव्हा त्यांच्या तहांत तसे स्पष्ट शब्द असत, हेही न्यायालयाने नोंदवले. पोर्तुगालचे तिथले सार्वभौमत्व पुढे ब्रिटिशांच्या काळात मौनाने मान्य झाले, आणि खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्या जाण्यायेण्याचा हक्क न्यायालयाने स्थानिक प्रथेतून मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांचा मात्र मान्य केला नाही, आणि भारताने कोणतेही बंधन मोडले नाही असे ठरवले. मराठी वाचकाला या निकालाचे अप्रूप वाटावे, पण माझ्या मते त्याचे खरे मोल कलम वाचण्याच्या पद्धतीत आहे: तह वैध असणे आणि त्यातल्या विशिष्ट कलमाने विशिष्ट हक्क देणे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

राहिला संसदेचा प्रश्न. भारतात तह करणे हा केंद्र सरकारचा अधिकार आहे. केंद्रीय सूचीतील चौदावी नोंद आणि घटनेचे ७३ वे कलम यांतून तो येतो, आणि प्रत्येक तह संसदेपुढे मंजुरीसाठी ठेवलाच पाहिजे असा नियम नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार अनुसमर्थनापूर्वी तह २१ बैठकदिवस संसदेपुढे ठेवावे लागतात. अमेरिकेत ‘तह’ म्हणून केलेल्या कराराला सिनेटच्या उपस्थित सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते, आणि म्हणूनच तिथे कार्यकारी करारांचा मार्ग इतका वापरला जातो. आपल्याकडे संसदेची गरज तीन ठिकाणी पडते. प्रदेश द्यायचा असेल तर, जे वर पाहिले. नागरिकांचे हक्क कमी होत असतील किंवा चालू कायदा बदलावा लागत असेल तर. आणि तहातला हक्क आपल्या न्यायालयात कायदा म्हणून वापरायचा असेल तर. २५३ वे कलम संसदेला तह अमलात आणण्यासाठी राज्यांच्या विषयांवरही कायदा करू देते.

याचे रोजच्या व्यवहारातले उदाहरण म्हणजे दुहेरी कर टाळण्याचे करार. आखातात किंवा युरोपात नोकरी करून गावाकडे पैसे आणणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांना यांची गरज पडते. करार अमलात आला म्हणजे त्यातला प्रत्येक लाभ आपोआप मिळाला, असा समज २०२३ च्या नेस्ले निकालाने पुसला: तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या ९० व्या कलमाखाली अधिसूचना निघाल्याशिवाय करारातली तरतूद भारतात लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मानवी हक्कांच्या करारांबाबत न्यायालय थोडे सैल आहे. १९८० मध्ये जॉली जॉर्ज खटल्यात कायदा केल्याशिवाय तह आपल्या न्यायालयात लागू होत नाही हे मान्य करूनही, कर्जदाराला तुरुंगात टाकण्याचा नियम नागरी व राजकीय हक्कांच्या कराराला साजेल असा वाचला गेला. १९९७ मध्ये विशाखा निकालात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध देशात कायदा नसल्याने पडलेली पोकळी स्त्रियांच्या कराराच्या आधारे भरली गेली. म्हणून ‘भारतात तह आपोआप लागू होतो का’ याला ‘नाही’ हे उत्तर बरोबर आहे, पण विषय कर की हक्क, आणि देशातला कायदा गप्प की विरुद्ध, यावर त्या ‘नाही’ची धार बदलते.

केवळ सही करून पुढे न गेलेले करारही आहेत. छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली, अनुसमर्थन केलेले नाही. अशा कराराचे मुख्य बंधन भारतावर नाही, परंतु त्याचा हेतूच विफल होईल असे वागू नये एवढे सौम्य बंधन स्वाक्षरीने येते.

प्रकल्पात तुम्ही दोन तक्ते करा असे मी सुचवीन. पहिल्यात पूर्ण कराराविषयी फक्त तीन गोष्टी लिहा: पक्ष कोण व कोणत्या मर्यादेत, स्वाक्षरी आणि अनुसमर्थन कधी, करार संपवण्याचे कलम कोणते. दुसऱ्यात प्रत्येक महत्त्वाचे कलम एका ओळीत घ्या, आणि त्यासमोर ते एकदाच पुरे होणारे आहे, सतत पाळायचे आहे, प्रदेशाला चिकटलेले आहे की संस्था उभारणारे आहे, हे लिहून शेवटच्या रकान्यात भारतात त्यासाठी काय लागले ते नोंदवा. भूसीमा करारासाठी २०११ चा प्रोटोकॉल सोबत वाचायला विसरू नका, कारण १९७४ च्या मजकुरात उरलेल्या बऱ्याच गाठी त्याने सोडवल्या आहेत. सिंधू जलकराराची परिशिष्टे लांबलचक आहेत. त्यांतली जलविद्युत प्रकल्पांविषयीची ‘डी’ आणि साठवणुकीविषयीची ‘ई’ एवढी दोन नीट वाचलीत तरी तुमच्या कामाला पुरेत, कारण त्या करारावरचे बहुतेक वाद तिथूनच निघालेले आहेत.